हेक मासा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेक म्हणजे नेमका कोणता मासा?

मर्लुसिअस या वंशातले सगळे मासे म्हणजे खरे हेक. जगभरात त्यांच्या डझनभराच्या आसपास जाती आहेत. कॉड आणि हॅडॉक ज्या मोठ्या गणात येतात त्याच गणातला हा मासा, पण कुळ वेगळं. मर्लुसिअस हे नाव 'समुद्रातला पाइक' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आलं आहे. पाइक हा नद्या-तळ्यांतला लांबट, दातेरी शिकारी मासा. हेकचा जबडा एकदा पाहिला की हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही.

मराठीत या माशाला नाव नाही, कारण उत्तर हिंदी महासागरात खरा हेक राहतच नाही. म्हणून इथे 'हेक' हाच शब्द वापरला आहे.

तो ओळखायचा कसा?

अंग लांबट, रंग चांदीसारखा करडा, पोट पांढुरकं. पाठीवर दोन पर असतात. पहिला आखूड आणि त्रिकोणी, दुसरा लांब, आणि त्याच्या मधोमध खाच. पोटाकडचा मागचा परही तसाच लांब आणि खाचेचा. कॉडच्या हनुवटीला लोंबणारी मिशी असते, हेकला ती नसते. खात्री करायची तर तोंड उघडून पाहावं. अणकुचीदार दात दिसतात आणि आतली बाजू काळी असते.

मग व्हाइट हेक, रेड हेक, सिल्व्हर हेक हे काय आहेत?

इथूनच गोंधळ सुरू होतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे व्हाइट हेक आणि रेड हेक हे उरोफिसिस वंशातले, म्हणजे हेक नव्हेतच. त्यांना हनुवटीवर मिशीही असते. सिल्व्हर हेक मात्र खरा हेक, पण तिथल्या बाजारात त्याला 'व्हायटिंग' म्हणतात. पॅसिफिक हेकलाही अमेरिकेत व्हायटिंगच म्हणतात, आणि युरोपात व्हायटिंग हा तिसराच मासा आहे. न्यूझीलंडचा होकी कधी 'ब्लू हेक' होऊन विकला जातो. दक्षिण आफ्रिकेत हेकचं जुनं नाव स्टॉकफिश, आणि तोच शब्द नॉर्वेत वाळवलेल्या कॉडसाठी आहे.

हे सगळं फक्त शब्दांचं गमतीदार जंगल वाटेल, पण या माशाच्या बाबतीत नाव चुकलं की मोजदाद चुकते, आणि मोजदाद चुकली की कोटा, म्हणजे किती मासा पकडायचा याची ठरवलेली मर्यादा, चुकतो. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हीच अडचण पुन्हा पुन्हा भेटेल.

खरे हेक कुठे कुठे सापडतात?

युरोपियन हेक नॉर्वेपासून मोरोक्कोपलीकडे आणि सगळ्या भूमध्य समुद्रात. त्याच्या दक्षिणेला पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सेनेगल हेक आणि बेंग्वेला हेक. नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेसमोर केप हेकच्या दोन जाती. दक्षिण अमेरिकेच्या पूर्वेला, पॅटागोनियाच्या समुद्रात अर्जेंटाइन हेक. पश्चिमेला पेरू आणि चिलीचा हेक. त्याच्याही दक्षिणेला, चिलीच्या टोकाला आणि न्यूझीलंडला दक्षिणी हेक. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापासून कॅनडापर्यंत पॅसिफिक हेक.

नकाशावर ही ठिकाणं ठेवली तर लक्षात येतं की बहुतेक मोठ्या मासेमाऱ्या थंड प्रवाहांवर बसलेल्या आहेत. बेंग्वेला, हम्बोल्ट, कॅलिफोर्निया या प्रवाहांत वारा किनाऱ्याजवळचं पाणी बाहेर ढकलतो आणि त्याच्या जागी खालचं थंड, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवक वाढतात, प्लवकांवर क्रिल (कोळंबीसारखे इवले जीव) आणि लहान मासे, आणि त्यांच्यावर हेक.

तो किती खोल राहतो? दिवसभर काय करतो?

भूखंड मंचाची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाची, कड आणि त्यापुढे खोलात उतरणारा खंडान्त उतार हे त्याचं घर. युरोपियन हेक साधारण ७० ते ४०० मीटरवर जास्त आढळतो, काही जाती ८०० मीटरच्याही खाली जातात.

दिवसा हेक तळाशी किंवा तळालगत असतो. अंधार पडला की वर पाण्यात चढतो आणि शिकार करतो, उजाडायच्या आत पुन्हा खाली. क्रिल आणि लहान मासे रात्री वर येतात, त्यांच्या मागे हाही. तळाशी ओढायच्या जाळ्याला दिवसा जास्त हेक मिळतो तो यामुळे. संशोधन जहाजांची तळ-सर्वेक्षणंही म्हणून शक्यतो दिवसा करतात. रात्री तेच जाळं तिथेच ओढलं तर समुद्रात हेक कमी झाला असा खोटा निष्कर्ष निघेल.

हेक काय खातो? स्वतःचीच पिल्लं खातो हे खरं आहे का?

खरं आहे. लहानपणी क्रिल आणि कोळंबीसारखे प्राणी, मोठेपणी मासे आणि माकूळ, आणि त्या माशांत हेकही येतो. दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात हे फारच ठळक आहे. उथळ पाण्यातल्या जातीचे मोठे मासे खोल पाण्यातल्या जातीची लहान पिल्लं खातात, कारण तेवढ्या खोलीवर दोघांचे पट्टे एकमेकांत मिसळतात. त्यामुळे एका जातीचे मोठे मासे जास्त पकडले तर दुसऱ्या जातीच्या पिल्लांना उसंत मिळते. मासेमारीचं गणित करणाऱ्यांसाठी ही सुखद गोष्ट नाही.

वीण कशी होते?

मादी एकदम सगळी अंडी टाकत नाही, हंगामभर तुकड्या-तुकड्यांनी टाकते. मोठ्या मादीची अंडी लाखांच्या घरात जातात. अंडं साधारण एक मिलिमीटर व्यासाचं, आत तेलाचा थेंब, त्यामुळे तरंगतं. पुढचे काही आठवडे अंडी आणि डिंभ (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) प्रवाहाच्या हवाली. प्रवाहाने योग्य जागी नेलं तर पिल्लं तगतात, खोल समुद्रात लोटलं तर संपली.

नर लवकर वयात येतात आणि लहानच राहतात. मोठा हेक हातात आला तर तो बहुधा मादी असतो. म्हणजे मोठ्या माशांवर टपलेली मासेमारी प्रत्यक्षात अंडी देणाऱ्या माद्यांवर टपलेली असते.

हेक किती वर्षं जगतो? किती वेगाने वाढतो?

युरोपियन हेकची कमाल लांबी १४० सेंटिमीटर आणि वजन १५ किलोच्या आसपास नोंदलेलं आहे, पण जाळ्यात येणारे बहुतेक ३० ते ६० सेंटिमीटरचे. वय वीसच्या जवळ जाऊ शकतं. वाढीच्या वेगाचं उत्तर मात्र या शतकाच्या सुरुवातीला उलटंपालटं झालं, आणि ती हकिगत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

माशाचं वय काढायची नेहमीची पद्धत म्हणजे कानातला खडा, ओटोलिथ. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्तुळं दिसतात आणि एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष असं धरतात. युरोपियन हेकच्या खड्यात वर्तुळं भरपूर दिसायची. त्यावरून हा मासा सावकाश वाढतो असं ठरलं, आणि अनेक वर्षं साठ्याचे, म्हणजे समुद्रात किती हेक आहे याचे, अंदाज त्याच आकड्यांवर उभे राहिले.

याची खातरजमा करायला माशाला खूण लावून सोडायचं आणि पुन्हा सापडला की मोजायचा. पण हेकला जिवंत सोडणंच कठीण. खोलातून वर आणताना दाब कमी होतो, वाताशय, म्हणजे अंगातली हवेची पिशवी, फुगतं, पोटातलं तोंडात येतं. शिवाय खवले पटकन निघतात, जाळ्यात घासला की मासा गेलाच. फ्रान्सच्या इफ्रेमेर या संस्थेने २००२ मध्ये बिस्केच्या उपसागरात खास तयार केलेल्या जाळ्याने मासे हळुवार पकडले, खुणा लावल्या आणि सोडले. पुन्हा सापडलेले मासे अपेक्षेच्या सुमारे दुप्पट वेगाने वाढलेले निघाले. खड्यातली बरीच वर्तुळं वर्षाची नव्हतीच.

याचा अर्थ नुसता 'मासा लवकर वाढतो' इतकाच नाही. लवकर वाढणारा मासा लवकर मरतोही, साठा लवकर बदलतो, आणि जुन्या हिशोबातला प्रत्येक आकडा हलतो. २०१० पासून युरोपियन हेकच्या उत्तरेकडच्या साठ्याचा हिशोब वयाऐवजी लांबीवर आधारून करायला सुरुवात झाली. माझ्या मते हेकच्या अभ्यासातली ही सगळ्यात महत्त्वाची घटना आहे, तरी बातम्यांत तिला कोटा-भांडणांच्या शतांशही जागा मिळाली नाही.

काही वर्षी पॅसिफिक हेक अचानक भरपूर का मिळतो?

कारण या जातीत सगळी मदार अधूनमधून येणाऱ्या जबरदस्त पिढीवर असते. १९८०, १९८४, १९९९ आणि २०१० मध्ये जन्मलेल्या पिढ्या अशाच होत्या. अशी एक पिढी अनेक वर्षं जवळपास सगळी मासेमारी पोसते, मधली वर्षं फिकी जातात.

हे मासे हिवाळ्यात दक्षिणेला, कॅलिफोर्निया आणि बाहाच्या समोर अंडी घालतात आणि उन्हाळ्यात उत्तरेला ब्रिटिश कोलंबियापर्यंत जातात. जितका मासा मोठा, तितका लांब उत्तरेला. म्हणून कॅनडाच्या वाट्याला बहुधा वयस्क मासे येतात, आणि पिढी तरुण असली की कॅनडाच्या जहाजांना रिकाम्या समुद्रात फिरावं लागतं. दोन देशांनी २००३ मध्ये करार करून एकूण कोट्याचे वाटे ठरवले: अमेरिका ७३.८८ टक्के, कॅनडा २६.१२ टक्के. मासा मात्र टक्केवारी वाचत नाही.

२००९ मध्ये आणखी एक भानगड झाली. साठा मोजायला जहाजावरून ध्वनिलहरी सोडतात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून थवा ओळखतात. त्या वर्षी हम्बोल्ट माकूळ त्या पाण्यात प्रचंड संख्येने आलं होतं, आणि पडद्यावरचा ठसा हेकचा की माकळाचा हे सांगणं अवघड होऊन बसलं.

हेक पकडतात कसा?

मुख्यतः ट्रॉलने, म्हणजे जहाजामागे ओढायच्या जाळ्याने. केप, अर्जेंटिना आणि युरोपचा बराचसा हेक तळावरून ओढलेल्या जाळ्यात येतो. पॅसिफिक हेकसाठी जाळं तळाला न लावता मधल्या पाण्यातून ओढतात, कारण तिथे तो दाट थव्यांनी राहतो. नीट नेम धरला तर जाळ्यात हेकशिवाय फारसं काही येत नाही.

दुसरी पद्धत लाँगलाइन, म्हणजे एका लांब दोरीला बांधलेले हजारो गळ. गळाने मासा कमी घासला जातो, त्यामुळे स्पेनमध्ये गळाच्या हेकला, 'मेर्लुसा दे पिंचो'ला, ट्रॉलच्या हेकपेक्षा जास्त मान आणि जास्त दाम. दोरीला आलटून-पालटून दगड आणि तरंगते गोळे लावून गळ तळापासून थोडे उचललेले ठेवतात, म्हणजे हेकच्या तोंडासमोर येतात आणि तळावरचे किडे आमिष खात नाहीत. तिसरी गिलनेट, पाण्यात उभी टांगलेली जाळी. हिच्या आसाचा, म्हणजे जाळीच्या भोकाचा, आकार मोठा ठेवला की लहान मासे आरपार निघून जातात. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले कोळी हीच वापरतात.

पकडल्यावर एवढी घाई का करतात?

हेकचं मांस मऊ आणि पाणीदार असतं. चरबी मांसात फार नसते, बरीचशी यकृतात. बर्फ लगेच नाही मिळाला तर मांस सैल पडतं. म्हणून ताज्या माशाची जहाजं बर्फात ठेवलेला माल थोड्या दिवसांतच बंदराला आणतात आणि दूरच्या समुद्रातली जहाजं तिथेच कापून गोठवतात. १९६० मध्ये स्पेनच्या व्हिगोमध्ये सुरू झालेल्या पेस्कानोव्हा कंपनीचा सगळा डाव याच कल्पनेवर होता: दक्षिण गोलार्धातला हेक जहाजावरच गोठवून युरोपात विकायचा.

पॅसिफिक हेकची अडचण वेगळी. त्याच्या स्नायूंत कुडोआ नावाचा सूक्ष्म परजीवी असतो. मासा मेल्यावर त्याचं विकर मांस विरघळवू लागतं, आणि गरम करताना तर काम आणखी वेगाने होतं. माणसाला अपाय नाही, पण मांसाचा लगदा होतो. यावर उपाय म्हणजे वेग. जाळं वर आल्यापासून काही तासांत मासा कापून सुरिमी (धुतलेल्या मांसाचा घट्ट लगदा) किंवा गोठवलेल्या लाद्या करायच्या. या जातीची मासेमारी तरंगत्या कारखान्यांकडे वळली त्यामागे हा डोळ्यांना न दिसणारा जीव मोठं कारण आहे.

आफ्रिकेच्या हेकचं काय झालं?

दक्षिण आफ्रिकेच्या केपसमोरचा मासा शास्त्रीय पद्धतीने शोधायला 'पीटर फॉर' हे जहाज १८९७ मध्ये आलं, आणि पुढे विसाव्या शतकात ट्रॉलिंग जम धरत गेलं. १९६० नंतर सोव्हिएत संघ, स्पेन, जपान आणि इतर देशांचे ताफे तिथे पोचले. १९७२ मध्ये आग्नेय अटलांटिकमधली केप हेकची पकड अकरा लाख टनांच्या वर गेली. त्यानंतर घसरण. आंतरराष्ट्रीय आयोग होता, आसाचे नियम होते, पण खुल्या समुद्रात मोजणारे कमी आणि ओढणारे जास्त.

दक्षिण आफ्रिकेने १९७७ मध्ये किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचा स्वतःच्या मासेमारीचा पट्टा जाहीर करून परदेशी ताफे बाहेर काढले. नामिबियाला मात्र १९९० च्या स्वातंत्र्यापर्यंत थांबावं लागलं, तोवर त्यांच्या समुद्रात परदेशी जहाजं मोकाट होती. स्वातंत्र्य मिळताच त्यांनी आपला पट्टा जाहीर केला, आणि न जुमानणारे स्पॅनिश ट्रॉलर पकडून जप्त केले. नव्या देशाने इतक्या लवकर दात दाखवल्याचं उदाहरण मत्स्यव्यवसायात क्वचित सापडेल. आज तिथे २०० मीटरपेक्षा उथळ पाण्यात हेकसाठी ट्रॉल ओढता येत नाही. पिल्लं तिथेच वाढतात.

दक्षिण आफ्रिकेच्या हेक ट्रॉलला २००४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेचं, साठा टिकवून मासेमारी केल्याचं प्रमाणपत्र मिळालं, नामिबियाला २०२० मध्ये.

तिथल्या दोन जाती वेगळ्या मोजतात का?

आता मोजतात, पण सरळ नाही. उथळ पाण्यातला कॅपेन्सिस आणि खोल पाण्यातला पॅराडॉक्सस इतके सारखे दिसतात की जहाजावर दोघे एकाच पेटीत जातात आणि नोंदवहीत एकच 'हेक' लिहिला जातो. कल्ल्यांच्या आतल्या दात्यांवरचे काळसर ठिपके पाहून फरक कळतो, पण टनावारी मासा हाताळताना कोण कल्ले उघडून बघणार? म्हणून शास्त्रज्ञ संशोधन सर्वेक्षणातून खोली आणि लांबीनुसार दोन्ही जातींचं प्रमाण काढतात आणि ते जहाजांच्या पकडीला लावतात.

अनेक वर्षं हिशोब एकत्रच होता. वेगळा केल्यावर कळलं की एकूण बेरीज ठीकठाक दिसत असताना खोल पाण्यातली जात बरीच खालावली होती. तिला सावरण्यासाठी कोटा कमी करावा लागला.

अर्जेंटिनाचं संकट काय होतं?

१९९७ च्या सुमारास तिथली वार्षिक पकड सहा लाख टनांजवळ पोचली. मार देल प्लाता या तिथल्या बंदरातल्या शास्त्रज्ञांनी सुचवलेली मर्यादा केव्हाच मागे पडली होती. पॅटागोनियासमोर पिल्लांच्या वाढीचा मोठा भाग ट्रॉलिंगला बंद केला गेला आणि १९९९ मध्ये आणीबाणीचा कायदा आला. २०१० पासून जहाजांना वैयक्तिक, हस्तांतर करता येणारे कोटे आहेत. एक दुखणं मात्र राहिलंच: त्याच पाण्यात लाल कोळंबीची मासेमारी चालते आणि तिच्या जाळ्यात हेकची पिल्लं येतात.

युरोपात हेक वाढला म्हणतात, ते कुठे?

अटलांटिकमध्ये. उत्तरेकडचा साठा शतकाच्या सुरुवातीला इतका खाली होता की २००१ मध्ये तातडीचे नियम आणि २००४ मध्ये सावरण्याची योजना आणावी लागली. त्यानंतरच्या दशकात तो कित्येक पटींनी वाढला आणि उत्तर समुद्रातही पसरला. तिथे नवाच पेच उभा राहिला. देशांचे वाटे १९८३ मध्ये जुन्या पकडीवरून ठरलेले, तेव्हा उत्तर समुद्रात हेक फारसा नव्हता. म्हणून तिथल्या जहाजांकडे मासा आहे, कोटा नाही. २०१९ पासून पकडलेला मासा फेकायलाही बंदी असल्याने हेकचा इवलासा कोटा संपला की बाकीची मासेमारी थांबायची वेळ येते.

भूमध्य समुद्राची कथा उलटी. तिथे हेक पिढ्यान्‌पिढ्या जास्त पकडला गेला आहे, तोही पिल्लू असताना. किमान लांबीचा नियम अटलांटिकमध्ये २७ सेंटिमीटर, भूमध्य समुद्रात २०. दोन्हीकडे मादी वयात येते ती याहून बरीच मोठी झाल्यावर. हा नियम माशापेक्षा बाजाराची सोय बघून केलेला दिसतो.

समुद्रपक्ष्यांचा हेकशी काय संबंध?

ट्रॉलरवर मासा कापला की डोकी-आतडी पाण्यात पडतात आणि अल्बट्रॉस गोळा होतात. जाळं ओढणाऱ्या तारांवर पंख आदळून पक्षी पाण्याखाली खेचले जातात. उपाय अगदी साधा निघाला: जहाजाच्या मागे रंगीत फडफडत्या पट्ट्यांची दोरी सोडायची. दक्षिण आफ्रिकेच्या हेक ट्रॉलमध्ये या दोऱ्यांमुळे अल्बट्रॉसचे मृत्यू नव्वद टक्क्यांहून जास्त घटले.

हेकमध्ये किडे असतात का?

अनिसाकिस नावाचे गोल कृमी असतात, खुल्या समुद्रातल्या बऱ्याच माशांत असतात. कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खाल्ला तर त्रास होऊ शकतो. मांस आतपर्यंत ६० अंश सेल्सिअसला किमान एक मिनिट तापलं की ते मरतात. कच्चा खायचा असेल तर युरोपचा नियम उणे २० अंशाला किमान २४ तास गोठवण्याचा आहे. व्हिनेगर किंवा लिंबात मुरवल्याने ते मरतात असं समजू नये.

पाकिटावरचा हेक कुठला हे कसं कळेल?

लॅटिन नाव आणि पकडीच्या क्षेत्राचा क्रमांक बघा. २७ म्हणजे ईशान्य अटलांटिक, ३७ भूमध्य समुद्र, ४१ अर्जेंटिनाची बाजू, ४७ केप आणि नामिबिया, ८७ चिली-पेरू, ६७ आणि ७७ पॅसिफिक हेक. नुसतं 'हेक' लिहिलं असेल तर आत मर्लुसिअस आहे की उरोफिसिस, हे बाहेरून सांगता येत नाही. तुकड्याला कातडी नाही, डोकं नाही, तोंडाची काळी आतली बाजू तर केव्हाच समुद्रात गेली. अशा वेळी डीएनए चाचणी हाच मार्ग उरतो, आणि स्वस्त जात महाग नावाने विकल्याची प्रकरणं तशा चाचण्यांतूनच उघडी पडली आहेत.